बॉयलरची नावं

मी म्हणालो, “रावसाहेब, प्रेशर लई चढलंया.”

एवढंच. घड्याळासारखी ती तबकडी, तिच्यातला काटा तांबड्या रेघेला टेकला होता. मी भट्टीत कोळसा टाकत होतो. मला दिसलं, मी सांगितलं.

रावसाहेब म्हणजे सोलापुरातल्या आमच्या गिरणीचे असिस्टंट इंजिनेर. बॉयलरघर त्यांच्या ताब्यात. त्यांनी आधी वाफ सोडायला लावली. काटा खाली आला. मग माझ्याकडे वळले.

“काय म्हणालास?”

“प्रेशर, रावसाहेब.”

“पुन्हा म्हण.”

म्हणालो. त्यांनी फिटरला बोलावलं, दारातल्या दोन कारकुनांना बोलावलं. “ऐका, महारवाडा प्रेशर म्हणतो. उद्या मंत्र म्हणेल.” सगळे हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, “शब्द बाटवलास. राख घे. तोंड घास.”

भट्टीतून काढलेल्या राखेचा ढीग बाजूलाच होता. वरची राख निवलेली, खालची ऊन. मी मूठ भरली. दात घासले, जीभ घासली. दोन लेकरांचा बाप मी. दगडी कोळशाची राख खरखरीत असते, जिभेचं साल निघालं. माझा हात कुणी धरला नव्हता. माझ्याच हातानं मी घासलं. पुढं कैक महिने मला रावसाहेबांपेक्षा त्या हाताचा जास्त राग यायचा.

गिरणीत तेव्हा वीज नवी होती. आमच्या बॉयलरच्या वाफेवर इंजिन फिरायचं, इंजिनावर डायनामो. रावसाहेबांच्या खोलीत भरदिवसा दिवा जळायचा. त्या वाफेची नि विजेची सगळी भाषा इंग्रजी. स्टीम, फीड, व्हॉल्व्ह, लोड, फ्यूज. फिटर बोलायचे, कारकून बोलायचे. कोळसा आणि राख ओढणारी आम्ही नऊ माणसं, सगळी महारामांगांची. आम्हाला नावं सांगायची नाहीत, असा रावसाहेबांचा नियम होता. हातातली छडी दाखवून ते हुकूम द्यायचे. “ते वरचं फिरव. हे सोड. ते नको, त्याच्या शेजारचं.” बैलाला सांगतात तसं. बैलाला निदान नाव असतं.

मला नावं माहीत झाली ती चाचांमुळं. चाचा इंजिनाला तेल घालायचे. म्हातारा माणूस, दाढीला कायम वंगण. तेलाचं भांडं घेऊन फिरता फिरता माझ्याजवळ आले की ओठ न हलवता बोलायचे. “ऊपरवाला स्टीम कॉक. उसके नीचे वॉटर कॉक. तळ कू ड्रेन. याद रख, बोल नक्को.” मी याद ठेवलं. बोललो तेव्हा राख खाल्ली.

माझ्या बहिणीचा नवरा, सिदराम दाजी, माझ्याबरोबरच कामाला होते. बॉयलरच्या तोंडावर पाण्याची काच असते. आत पाणी किती आहे, ते तिच्यात दिसतं. त्या काचेवर नजर ठेवायचं काम दाजींचं. तिला तीन तोट्या. वरच्या तोटीतून वाफ येते, मधल्या तोटीतून पाणी. तळाची निचऱ्याची. राख खाल्ल्यापासून माझं तोंड शिवल्यागत झालं होतं. चाचांनी मला सांगितलेलं मी दाजींना सांगितलं नाही. एका भाकरीतलं खायचो आम्ही. तरी सांगितलं नाही. भ्यालो. हे माझ्या नावावर लिहा.

एके सकाळी ती काच फुटली.

मी बाहेर कोळशाच्या ढिगावर होतो. बंदुकीसारखा आवाज झाला. दारातून पांढरी वाफ भसकन बाहेर आली. दारात रावसाहेब. छडी हातात होती, पण त्या वाफेत छडी कुणाला दिसणार? ते ओरडत होते, “स्टीम कॉक! वॉटर कॉक! बंद कर! सिद्या, ड्रेनला हात लावू नको!”

आत दाजी एकटे. पाच वर्षं त्यांना कुणी एक शब्द शिकवला नव्हता, आणि जीव जायच्या वेळेला तीन शब्द एकदम फेकले. ते चाचपडत राहिले. हाताला पहिली लागली ती तळाची. ती फिरवायला वाकले आणि फुटक्या काचेतलं उकळतं पाणी तोंडावर आलं.

मी भिजलेलं पोतं डोक्यावर घेऊन आत शिरलो. वरची बंद केली, मधली बंद केली. वाफ थांबली. दाजी खाली बसले होते. दोन्ही हात तोंडावर. ओरडत नव्हते. म्हणत होते, “म्या चुकलो व्हय? म्या चुकलो व्हय?”

डावा डोळा गेला.

आठ दिवसांनी पुण्याहून बॉयलरचे इन्स्पेक्टर चौकशीला आले. गोरे नव्हते. मराठी माणूस. बॉयलरघरातच टेबल मांडलं. रावसाहेबांनी कागद तयार ठेवला होता, तो वाचला. हुकूम स्पष्ट दिला, कामगाराने हुकूम मोडला, अपघात त्याच्या चुकीने झाला. दाजींना उभं केलं होतं. तोंडाला फडकं बांधलेलं. कारकुनानं त्यांच्या अंगठ्याला शाई लावली.

दाजी वाकले. माझा हात पुढं गेला, त्यांचं मनगट धरलं.

“दाजी, अंगठा लावू नका.”

 

इन्स्पेक्टर म्हणाले, “तू कोण?”

“कोळसा टाकतो, सायेब.”

“तुझं काय म्हणणं?”

मी काचेपाशी गेलो. एकेका तोटीवर बोट ठेवलं. “ही स्टीम कॉक. ही वॉटर कॉक. ही ड्रेन. तितं वर सेफ्टी व्हॉल्व्ह. हा प्रेशर गेज.” शब्द एकही अडखळला नाही. “ह्यातलं येक बी नाव दाजीला कुणी सांगितलं न्हाय. इचारा त्यास्नी.”

इन्स्पेक्टरांनी विचारलं, “स्टीम कॉक कोणती?”

दाजी एका डोळ्यानं बघत राहिले. “ठावं न्हाय, सायेब.”

“किती वर्षं काम करतोस?”

“पाच.”

इन्स्पेक्टर रावसाहेबांकडे वळले. “पाच वर्षांत नावं सांगितली नाहीत?”

रावसाहेबांना प्रश्नच कळला नाही. ते सहज म्हणाले, “ह्या लोकांना काय करायचीत नावं?”

सहज. भाव विचारावा तसं.

इन्स्पेक्टरांनी मला विचारलं, “तुला कुणी शिकवलं?”

कोपऱ्यात चाचा इंजिन पुसत होते. पुसणं थांबलं. मी म्हणालो, “कान हाईत की मला.”

इन्स्पेक्टर इंग्रजीत काहीतरी लिहून निघून गेले. काय लिहिलं ते आम्हाला कधी समजलं नाही. दाजींचा अंगठा त्या कागदावर पडला नाही, एवढं खरं. चार दिवसांनी मला गेटवरूनच परत पाठवलं. दाजींना तर परत बोलावलंच नाही.

मी वस्तीतल्या तालमीच्या भिंतीवर कोळशानं बॉयलर काढला. रविवारी गिरणीतली माणसं बसवली आणि एकेक नाव म्हणून घेतलं. बहीण येऊन उभी राहिली. म्हणाली, “नावं शिकून त्येंचा डोळा माघारी येतुय व्हय?”

“न्हाय येत.”

“मग?”

मी भिंतीकडं वळून पुढचं नाव म्हणून घेतलं. ती गेली नाही, बसली. दाजींना शेजारी बसवलं.

त्या दिवशी तिथं ठरलं. नाव सांगितल्याशिवाय दिलेला हुकूम आमचा माणूस पाळणार नाही. छडी दाखवली तर फावडं खाली ठेवायचं. एकाला काढलं तर सगळ्यांनी बाहेर पडायचं. भट्टी विझू दे, इंजिन थांबू दे, रावसाहेबांचा दिवा जाऊ दे. पोटाला चिमटा बसेल, बसू दे. आम्ही भ्यालो त्याचे पैसे दाजींच्या डोळ्यानं भरले. आता भ्यायचं नाही, ही गोष्ट मी कुणाला विनवून सांगत नाही. बजावून सांगतो.