खाणीतलं सोवळं

मी मिरजेहून विलायतेला निघाले त्या सकाळी आई सोवळ्यात होती. घरी कुळधर्माचा स्वयंपाक होता आणि दारात टॅक्सी उभी. तिने उंबऱ्याच्या आतूनच माझ्या तळहातावर वरून दही घातलं आणि म्हणाली, "शिवू नकोस हं. पोचलीस की पत्र टाक." जवळ घेतलं नाही. ते दही मी टॅक्सीत रडत खाल्लं आणि ठरवलं, ही शिवाशिव आता पुरे.

नव्वदच्या सुमारास नोकरी लागली ती इंग्लंडच्या उत्तरेला, समुद्राखालच्या मिठाच्या खाणीतल्या प्रयोगशाळेत. विश्वातला बहुतेक पदार्थ दिसतच नाही. त्याचा एखादा कण आमच्या स्फटिकावर आदळला तर क्षणभर अगदी मंद उजेड पडेल, तो टिपायचा. आकाशातून सतत बरसणारे इतर कण अडवायला डोक्यावर किलोमीटरभर खडक, भोवती शिसं आणि तांबं. स्फटिकाला हात लावायचा नाही. आपल्या घामात, रक्तात पोटॅशियम असतं, त्यातलं थोडं किरणोत्सारी, त्याचेच खोटे उजेड पडून गोंगाट व्हायचा. म्हणून हातमोजे, डोक्याला टोपी, पायांत वेगळे जोडे. आगीतून उठून फुफाट्यात पडले होते मी. फरक एवढाच, की इथे प्रोफेसर, खाणकामगार आणि मी, सगळे सारखेच ओवळे.

बाबा गेल्यावर आई लंडनला, हॅरोतल्या माझ्या घरी आली; कामाचे दिवस मी उत्तरेला खाणीजवळ राहायचे. हीटरला चिकटून बसायची. परवानगी काढून मी तिला खाण दाखवायला नेलं. खाली उतरताना काळोखात तिने माझी बाही घट्ट धरली होती. मला एकच धास्ती होती. हे सगळं बघून ती म्हणेल, याच्यासाठी घर सोडलंस? तळाशी मिरजेच्या चैत्रासारखं उकडत होतं. तिने कानटोपी काढली आणि शिशाच्या त्या ढिगाकडे बघत राहिली.

"शिवायचं नाही?"

"नाही गं. आपल्या बॉडीतूनच रेडिएशन येतं. सगळ्यांच्याच."

"माझ्यासुद्धा? अंघोळ केली तरी?"

"केली तरी."

तिने हात पदराखाली घेतले. "सापडलं का काही?"

"अजून नाही."

"आणि तरी रोज येता?"

"रोज."

ती हळूच म्हणाली, "केवढं मोठं काम आहे गं हे." रोज पाहिलेला तो ढीग त्या दिवशी मलाही नवा दिसला. आपल्या आरपार काहीतरी जात असेल आणि आपल्याला पत्ताही नसेल, या विचाराने अंगावर काटा आला.

ती परत गेली. पुढच्या सुट्टीत मी मिरजेला पोचले तेव्हा गौरी जेवायच्या होत्या आणि आई सोवळ्यात. मी सवयीने उंबऱ्याबाहेर थांबले. ती तशीच बाहेर आली आणि तिने मला घट्ट कवटाळलं. "अंगातच आहे म्हणालीस ना ते," एवढंच म्हणाली. मग पुन्हा अंघोळीला गेली. नैवेद्याला उशीर झाला, काकू कुरकुरल्या.

स्फटिकात अजून काही दिसलेलं नाही. तिकडे राहिलेले आणि इकडे आलेले, तुम्ही सगळेच मला विचारता, तुझं घर नक्की कुठलं? हॅरोतलं माझ्या नावावर आहे. पण घर म्हटलं की मला न्हाणीघरातून येणारा त्या दुसऱ्या अंघोळीचा आवाज ऐकू येतो.