दाजींनी एकदाच विचारलं

दाजी गेल्याचं मला कुडाळ स्टेशनवर कळलं. मुलीला गाडीत बसवून वळतोय, तोच फोन वाजला. पलीकडे बाबल. "वसंतदा, दाजी गेलो..." एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला. खरं सांगतो, दुःखाच्या आधी माझ्या मनात आलं ते वेगळंच. ही बातमी याला माझ्याआधी कशी? शेवटच्या घटकेला हा दाजींपाशी काय करत होता? आज दीड महिन्यानंतर हे लिहिताना लाज वाटते. पण दाजींविषयी लिहायचं तर या संशयासकटच लिहावं लागेल.

दाजी आमच्या तारकर्लीकडच्या रापणीचे प्रमुख. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अख्ख्या वाडीनं मिळून ओढायचं लांबच लांब जाळं. घरटी जाळ्याचा एक तुकडा आणि घरटी एक माणूस. मी ओरोसच्या कचेरीत नोकरीला, म्हणून रापणीचे अर्जबिर्ज माझ्याकडे. बाबल आमच्यातला जाळं विणण्यात सर्वांत तरबेज माणूस. पण एका वर्षी दाजींशी कडाक्याचं भांडून तो मोठ्या यांत्रिक बोटीवर कामाला गेला. त्यानंतरच्या पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेला आठ दिवस असताना, सकाळी किनाऱ्यावरचा, जाळं ठेवायचा मांगर उघडला तर रापण जळालेली. नायलॉन वितळून काळा गोळा झाला होता. आदल्या संध्याकाळी बाबलला मांगराजवळ पाहिल्याचं दोघांनी सांगितलं, आणि सगळ्यांच्या नजरा एकाच घराकडे वळल्या.

मी तिथल्या तिथे तक्रार लिहिली. बाबलचं नाव घालून, कलमांसकट. कचेरीतला माणूस मी, कागद झकास जमला होता. दाजींनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "कोणी जाळल्यान ता कळला म्हणान रापण परत येतली काय, वसंता? आधी जाळ्याचा बघूया." आणि ते एकटेच बाबलच्या घराकडे चालू लागले. अर्ध्या तासानं परत आले ते बाबलला सोबत घेऊन. त्याच्या हातात विणायची सुई होती. दाजींनी प्रत्येक घराच्या माळ्यावरचे जुने, फाटके तुकडे मागवले. कुणी तोंड वाकडं करून दिले, कुणी बाबलच्या शेजारी बसायला नकार दिला. दाजी मात्र त्याच्या शेजारीच मांडी घालून बसले, सत्तरीतले डोळे बारीक करून विणत राहिले. पौर्णिमा हुकली. पण त्यानंतर पंधरवड्यानं ठिगळांची ती रापण समुद्रात पडली आणि वाडीची चूल त्या हंगामात विझली नाही.

मला मात्र चैन नव्हतं. त्या अर्ध्या तासात त्या घरात काय ठरलं? पुढे दाजी दर रविवारी बाबलकडे जाऊ लागले, तसा माझा संशय बाबलवरून सरकून थेट दाजींवर आला. हे कुणाला तरी पाठीशी घालताहेत... रापणीतल्याच स्वतःच्या पुतण्याला? मी येता-जाता त्यांच्यावर नजर ठेवू लागलो. एकदा न राहवून तोंडावर बोललो, "दाजी, तुमी कायतरी लपयतास." ते रागावले नाहीत. "संशय माकाही येता रे. बाबलचो येता, तुझोही येता. पण रापण ओढूक शंभर हात लागतत. मी एकेकाक वगळीत बसलंय तर दोरी कोण धरतलो?" माझाही संशय! तो शब्द मला कित्येक दिवस टोचत राहिला. बाकीचं मला तेव्हा ऐकूच आलं नव्हतं.

दाजींचं बारावं झाल्यावर मी बाबलच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सरळच विचारलं, "त्या सकाळी दाजी तुका काय म्हणालो?"

बाबल पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "दारातच इचारल्यान, 'बाबल, रापण तू जाळलंस?' मी म्हटलंय, 'नाय.' तो म्हणालो, 'मगे चल. सुई घे.' बस, इतक्याच."

"तेका तुझा खरा वाटला?"

"ता माका ठावक नाय. पण वसंतदा, अख्ख्या गावात माका इचारणारो तो एकटोच. बाकीचे नुसते बघीत रवले... तूसुदिक."

रापण कोणी जाळली हे आजही कुणाला ठाऊक नाही. दाजींनाही नव्हतं. त्यांनी एकदाच विचारलं, मिळालेलं उत्तर घेतलं आणि कामाला लागले. मी एकदाही विचारलं नाही, आणि इतकी वर्षं पाळत ठेवली.

निघायला उठलो तेव्हा अंगणाच्या कडेला, माडाखाली, एक लाकडी खुर्ची दिसली. तोंड समुद्राकडे. एक हात मोडलेला, निळ्या दोऱ्यानं घट्ट बांधलेला. "दाजींची," बाबल म्हणाला. "रविवारी हयच बसायचो. काढूक हात जावक नाय." मग म्हणाला, "बस रे, चाय टाकतंय."

माझा संशय फिटला का? नाही. बहुधा दाजींचाही कधी फिटला नसावा. तरी ते दर रविवारी इथे येऊन बसत होते.

मी बसलो.