व्याज नसलेले चौसष्ट हजार

"मॅडम, ट्रेझरी बिलाले व्याज भेटते का जी?"

एटापल्लीच्या शिबिरात तिसऱ्या रांगेतून हा प्रश्न आला. मी प्रोजेक्टरची वायर हातात दाबून उभी होते. हात सोडला की पडद्यावरचं चित्र जायचं.

"नाही," मी म्हणाले. "ट्रेझरी बिलावर व्याज नसतं."

"नाईच?"

"नाहीच. अजून कोणाला काही?"

विचारणाऱ्या बाई खाली बसल्या. शेजारच्या तिघी बायका आपसात माडिया बोलीत काहीतरी बोलल्या. मी पुढची स्लाइड लावली.

माझं उत्तर बरोबर होतं. बँकेच्या कोणत्याही परीक्षेत त्याला पूर्ण मार्क मिळाले असते. आणि त्या बरोबर उत्तराने मी एका चोराच्या कामावर शिक्का मारून दिला होता.

मी बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झाले. आता गडचिरोलीच्या आर्थिक साक्षरता केंद्रात काउन्सेलर आहे. काम सोपं वाटतं. तालुक्याच्या गावी जायचं, लोकांना खातं, विमा, ओटीपी समजावून सांगायचं, फोटो काढायचा, रिपोर्ट पाठवायचा. त्या दिवशीही फोटो काढून झाला होता. मी वायर गुंडाळत होते, तेव्हा त्या बाई जवळ आल्या.

"बरं झालं मॅडम, तुम्ही सांगतलं. मायी शंका फिटली. मी त्या पोऱ्यावर उगाच संशय घेऊन राह्यली होती."

"कोणावर?"

"चंद्रपूरचा प्रशांत. इन्व्हेस्टमेंटवाला. तो बी हेच म्हणे, सरकारी बिलाले व्याज नसते, कोण्याबी बँकेच्या माणसाले विचारा. म्हणून विचारलं."

या मडावी सिस्टर. तालुक्यात तीस वर्षं नर्स होत्या. नाले भरले की डोंग्यात बसून लसींचा डबा पलीकडे न्यायच्या. आज गावोगावी जी माणसं कमावती झाली आहेत, त्यातल्या कित्येकांची नाळ त्यांनी कापलेली. रिटायर झाल्यावर हातात पैसे आले. त्यातले दहा लाख त्यांनी प्रशांतकडे दिले. त्यांच्या शब्दावर, शिबिरात त्यांच्या शेजारी बसलेल्या त्याच तिघींनी मिळून चार लाख दिले. दोघी अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, तिसरी आश्रमशाळेत स्वयंपाक करायची.

"वर्ष झालं," सिस्टर म्हणाल्या. "सुरुवातीले तो सात टक्के म्हणे. वर्ष भरल्यावर आमी व्याज मांगतलं, तर त्यानं सरकारी कागदाचा प्रिंट दाखवला. त्यात लिवलं होतं, बिलावर व्याज देत नाई. आता ह्या तिघी मले विचारतेत, सिस्टर, व्याज नाई तर टाकाले काऊन लावलं?"

मी सहज विचारलं, "दहा लाखांचं बिल घ्यायला किती रुपये दिले?"

"दहा लाख."

"पूर्ण दहा?"

"पूर्ण. चेकनं."

मी वायर खाली टाकली आणि म्हणाले, "सिस्टर, पावती आहे का?"

पावती पिशवीतच होती. वर प्रशांतच्या फर्मचं नाव. खाली छापलेलं, 'ट्रेझरी बिल, दर्शनी किंमत दहा लाख, मुदत ९१ दिवस.' त्याखाली तारखा टाकून तीनदा 'नूतनीकरण' लिहिलेलं. सरकारी असं त्या कागदावर काही नव्हतं. बिल ठेवायला सिस्टरच्या नावाने डीमॅट खातं उघडलं होतं का? नाही. सही कशावर केली होती? चेकवर.

मी चौघींना व्हरांड्यात बसवलं आणि जे शिबिरात सांगायला हवं होतं ते आता सांगितलं.

सरकारला थोड्या दिवसांसाठी पैसे लागतात. ते घेताना सरकार जे बिल देतं, ते ट्रेझरी बिल. मुदत ९१ दिवस, १८२ दिवस किंवा ३६४ दिवस. बिलाची किंमत शंभर रुपये. पण घेताना शंभर द्यायचे नसतात. लिलाव होतो, त्यात भाव ठरतो. गेलं वर्षभर तो साधारण अठ्ठ्याण्णव रुपये चाळीस पैसे होता. तुम्ही तेवढेच द्यायचे. मुदत संपली की सरकार पूर्ण शंभर देतं. मधला एक रुपया साठ पैसे ही तुमची कमाई. तिला व्याज म्हणत नाहीत, कारण ती वेगळी मिळत नाही. आधीच किमतीतून वजा केलेली असते.

स्वयंपाकीण बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे शंभराची नोट अठ्ठ्याण्णवले भेटते, पण तीन महिने चालवता येत नाई?"

"अगदी तसंच."

"मंग आमी शंभर काऊन दिले?"

सिस्टर पावतीकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"दहा लाखावर एका वेळी किती?" त्यांनी विचारलं.

"त्या भावाने सोळा हजार."

"आन् चार वेळा झालं."

"हो. चौसष्ट हजार. तुम्हा चौघींचे मिळून नव्वद हजारांच्या आसपास."

मला वाटलं त्या रडतील. त्या मलाच म्हणाल्या, "मॅडम, मंघा तुम्ही 'नाई' म्हणून काऊन बसल्या?"

त्यांचं बरोबर होतं. आयुष्यभर बँकेत बसून एवढं कळू नये? समोरची बाई एवढा नेमका प्रश्न विचारते, तर तिला तो का पडला, हे विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. गडचिरोलीला परत येताना जीपमध्ये मी ड्रायव्हरवर दोनदा विनाकारण खेकसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर सगळं मांडलं. साहेब म्हणजे आमच्या केंद्राचे प्रमुख, वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षं लहान.

"मॅडम, शिबिराचे फोटो पाठवले का?"

"पाठवले. सर, हा माणूस लोकांचे पैसे घेऊन स्वतःच्या नावावर बिलं घेतोय. फरक खिशात घालतोय. मुद्दलही त्याच्याच हातात आहे."

"त्या बाईंची लेखी तक्रार आहे?"

"नाही अजून."

"मग आपला काय संबंध? आपलं काम साक्षरतेचं. पोलिसाचं नाही."

"सर, मी साक्षर केल्यामुळेच ती बाई चोराला सॉरी म्हणायला निघाली होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही चिडू नका. तक्रार लिहायची तर लिहा. फक्त आपल्या लेटरहेडवर नको."

मी साध्या कागदावर लिहिली. सिस्टर एटापल्लीहून आल्या, वाचली, दोन ठिकाणी माझं व्याकरण सुधारलं आणि सही केली. म्हणाल्या, "पहिले त्याले तोंडावर विचारू. मंग ठाण्यात जाऊ."

प्रशांतचं ऑफिस चंद्रपुरात एका मोबाइलच्या दुकानावर होतं. आत एसी, काचेचं टेबल, भिंतीवर 'शंभर टक्के सरकारी सुरक्षा' असा फलक. पस्तिशीचा, गोड बोलणारा माणूस. समोरच्या खुर्चीत आधीच एक गृहस्थ बसले होते. घुग्घुसचे, सिमेंट कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले. शर्टाच्या खिशातून चेकबुक डोकावत होतं.

"या सिस्टर, या! चहा सांगू?"

"नोको. माहे चौसष्ट हजार दे."

तो हसला. "सिस्टर, तुम्हाला समजावलं होतं ना? टी-बिल म्हणजे झिरो कूपन. व्याज नसतं. तुमच्या मॅडमनीच तर भर शिबिरात सांगितलं म्हणे."

त्याला ते कोणी कळवलं, देव जाणे.

"हो, सांगितलं," मी म्हणाले. "आता पुढचं सांगते. दहा लाखांचं बिल तुम्ही केवढ्याला घेतलंत?"

"भाव बदलत असतो, मॅडम."

"पूर्ण दहा लाखांना घेतलंत? सरकारने कधी विकलंय तेवढ्याला?"

"सर्व्हिस चार्ज असतो आमचा."

"पावतीवर दाखवा."

त्याने पावती हातात घेतलीच नाही. घुग्घुसचे गृहस्थ आमच्याकडे वळले. "मॅडम, मले समजलं नाई. मी शंभर देऊन शंभरच वापस घेऊ का?"

"यांच्याकडून घेतलं तर, हो."

ते उठले. प्रशांत म्हणाला, "काका, बसा ना, मी समजावतो." काका म्हणाले, "समजलं मले," आणि पायऱ्या उतरून गेले.

मग प्रशांतचा आवाज बदलला. "ठीक आहे. वाद नको. भाव अठ्ठ्याण्णव चाळीस धरू. शंभराला एक साठ, म्हणजे दहा लाखाला सोळा हजार. सोळा हजार आत्ता देतो. वर्षाचा हिशेब संपला."

हे ऐकून मला खरा राग आला. आधीची चोरी पकडली गेली, तर हा त्याच बैठकीत दुसरी करत होता.

"एक साठ वर्षाचे नाहीत," मी म्हणाले. "ते ९१ दिवसांचे. अठ्ठ्याण्णव चाळीस गुंतवून तीन महिन्यांत एक साठ. वर्षात अशा चार फेऱ्या. म्हणून वर्षाचा परतावा साडेसहा टक्क्यांच्या आसपास पडतो. तुम्ही चारही फेऱ्यांचे घेतलेत आणि एका फेरीचे देताय."

"मॅडम, मी निदान मुद्दल तरी सांभाळलं. आजकाल लोक मुद्दलही खातात."

सिस्टर टेबलावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

"मी तीस वर्षं पोरायले पोलिओचा डोस पाजला. दोन थेंब म्हणजे दोन थेंब. एक थेंब वाचवून घरी नेला नाई कधी. तू मले सांगते, मुद्दल सांभाळलं? माह्या तोंडाकडे पाहून त्या तिघींनी पैसे दिले. दोन महिन्यांपासून त्या माह्या घरी चहा घेत नाईत. ते कोण भरून देईल?"

त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

मुद्दल आणि फरक, चौघींचा, बँकेतून बँकेत, आठ दिवसांत. पिशवीतली तक्रार दाखवून एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आणि आम्ही निघालो. निघताना त्याने एक छापील कागद पुढे केला. त्यावर 'माझी कोणतीही तक्रार नाही' असं होतं. सिस्टरांनी तो वाचला, चार घड्या घातल्या आणि पिशवीत टाकला. "हा बी पोलिसाले दाखवू," म्हणाल्या.

आठ दिवसांचे अठरा दिवस झाले. मी रोज सकाळी अकराला त्याला फोन करायची. त्याने माझा नंबर ब्लॉक केला, तेव्हा ऑफिसच्या फोनवरून करायला लागले. साहेब ऐकत असत आणि फाइलमध्ये डोकं घालून बसत. पहिले आले त्या तिघींचे पैसे, कारण सिस्टर अडून बसल्या होत्या की माझे शेवटी. मग त्यांचे आले. चौघींची पूर्ण रक्कम जमा झाली त्या दिवशी आम्ही आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली.

त्याच संध्याकाळी त्याचा सिस्टरांना फोन. "पैसे दिले ना? मग तक्रार कशाला?"

"तू दिले नाईत," सिस्टर म्हणाल्या. "माहे होते, ते वापस केले."

चौकशीत त्याच्याकडे अशा बऱ्याच पावत्या निघाल्या. नर्स, शिक्षक, खाणीतले कामगार. अनेकांना शंभर देऊन शंभर परत आल्याचं दुःखही नव्हतं. पैसे बुडाले नाहीत, यातच ते खूश होते. प्रशांत जामिनावर सुटला. चामोर्शीत बायकोच्या नावाने त्याचं नवं ऑफिस उघडलंय, असं मध्यंतरी कळलं. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "चामोर्शीला एक शिबिर लावा." लावलं. त्याच्या ऑफिसच्या अगदी समोर.

सिस्टर आता सरकारी रोख्यांच्या पोर्टलवरून स्वतःच्या नावाने बिलं घेतात. एटापल्लीत ओटीपी वेळेवर येत नाही, म्हणून लिलावाच्या आधी टॉवरजवळच्या टेकाडावर जाऊन उभ्या राहतात. पहिल्यांदा दोन लाखांचं बिल घेतलं तेव्हा खात्यातून दोन लाखांपेक्षा कमी रक्कम गेली. त्यांनी लगेच मला फोन केला, "कमी गेले जी!" मी म्हटलं, हेच तुमचं व्याज. या कमाईवर इन्कम टॅक्स लागतो तेही सांगितलं. त्यावर त्या मला जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

तिघींपैकी दोघी परत त्यांच्याकडे चहाला येतात. तिसरी येत नाही. तिचे पैसे पूर्ण मिळाले आहेत, पण ती येत नाही.

महिन्याच्या रिपोर्टमध्ये मला शिबिरांची संख्या, हजर माणसं आणि फोटो भरावे लागतात. या प्रकरणासाठी रकाना नव्हता, म्हणून 'इतर' मध्ये लिहिलं. वरून शेरा आला, 'इतर मध्ये थोडक्यात लिहावे.'

तर थोडक्यात लिहिते. सरकारी बिल घेताना व्याज किती, हे विचारू नका. आज खात्यातून किती जाणार, शेवटी किती येणार आणि ते किती दिवसांनी, हे विचारा. बिल कोणाच्या नावावर आहे ते स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या. विकणाऱ्याकडून नको.