खोली आत घेताना

माझ्या नवऱ्याने जुन्या मिनीबसची कॅरॅव्हॅन करून घेतली, तेव्हा सगळ्या आळीने आम्हाला वेड्यात काढलं. बटण दाबलं की तिची एक बाजू टेबलाच्या खणासारखी बाहेर सरकायची आणि पलंगापुरती खोली तयार व्हायची. बाता काश्मीरच्या होत्या. गाडी गुजरातच्या हद्दीपलीकडे काही गेली नाही. पुढे ह्यांना दुखणं लागलं, घराचा जिना चढवेना, आणि वाडीतल्या तळ्याच्या, आमच्या बावखलाच्या काठावर उभ्या असलेल्या त्या गाडीतच ह्यांनी अंथरूण धरलं. गेलेही तिथेच.

माणूस जिथे जातो तिथे आमच्याकडे पीठ पसरून दिवा ठेवतात आणि दहाव्याला पिठावर कोणाचं पाऊल उमटलंय ते बघतात. सासूबाईंनी वाकून वाकून पाहिलं. पीठ कोरं होतं.

"गेला नाय तो," त्या म्हणाल्या. "इथंच हाय."

कूस बदलायलाही ज्यांना मी लागायची, ते पिठावरून चालत कुठे जाणार, असं मी मनात म्हटलं. पण सासूबाईंचा तो शब्द डोक्यातून जाईना. दिवेलागणीला गाडीशेजारी वाळत घातलेले कपडे काढायला गेले की त्या खोलीत कोणी खाकरल्यासारखं वाटायचं. मला भीती वाटायची. ज्याच्याबरोबर संसार केला त्याचीच भीती वाटावी, याचा रागही यायचा.

शेवटी गाडी चंदनसारच्या एका कुटुंबाला देऊन टाकायचं ठरवलं. पण खोली आत जाईना, आणि ती बाहेर असताना गाडी रस्त्यावर काढता येईना. सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

धाकटे दीर मनवेलपाड्याला गॅरेज चालवतात. भुताखेतांचं नाव काढलं की भडकणारा माणूस.

"वहिनी, भूतबित काय नाय, बॅटरी उतरलीय," म्हणत त्यांनी दुसरी बॅटरी लावली. मोटर गुरगुरली, खोली जागची हलली नाही. फ्यूज ठीक, वायरी ठीक. हाताने फिरवायचा दांडा लावला, तर एक बाजू बोटभर सरकली आणि दुसरी तशीच राहिली. जोर केला तर वाकेल म्हणत ते पालथे पडून खोली जिच्यावरून सरकते ती खालची रेल बघू लागले.  मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने एक करडं ढेकूळ उकरून काढलं.

ते पीठ होतं. पायदळी यायला नको म्हणून सासूबाईंनी दहाव्याला ते कडेच्या फटीत सारलं होतं. खाऱ्या, दमट हवेत ते ग्रीसला धरून दगड झालं होतं.

"एवढंच होतं," दीर म्हणाले.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. आता खोली खरंच बंद होणार होती, आणि सासूबाईंचं खरं असेल तर हे आत होते.

रेल पुसून, नवं ग्रीस लावून दीर दारात उभे राहिले आणि त्यांनी बटणावर बोट ठेवलं.

"थांबा," मी म्हटलं. मग रिकाम्या पलंगाकडे बघून, रोज सकाळी ह्यांना म्हणायची तसंच म्हटलं, "अहो, उठा आता. खोली बंद करतोय."

दीर मला झापणार याची खात्री होती. पण ते अंग चोरून दारातून बाजूला झाले, एक माणूस बाहेर पडेल एवढी वाट सोडली आणि तसेच उभे राहिले. बऱ्याच वेळाने खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "दाबू, वहिनी?"