फोनवर कळलेला एकच शब्द

शुद्धलेखनाच्या चुका आणि माझं वेडंवाकडं अक्षर, दोन्ही माफ असावं. मी चौथीपर्यंतच शिकले आहे.

काल शेजारच्या पल्लवीने माझ्या मोबाइलवर रशियन शिकवणारी तीन अ‍ॅप दाखवली. एकात चित्रांचे खेळ होते. दुसऱ्यात नुसतं व्याकरण, शब्द कसे बदलतात त्याचे तक्ते. तिसरं शब्द बोलून दाखवायचं.

"काकू, या वयात रशियन? डॉक्टर व्हायचंय का?" ती हसत म्हणाली, आणि तिने जीभ चावली.

डॉक्टर माझी मुलगी होणार होती, रशियात. तिथे ती तापाने दवाखान्यात होती तेव्हा मी तिला फोन लावला. तो नर्सने उचलला. ती पुष्कळ बोलली. त्यातला एकच शब्द मला कळला, "नीट, नीट." मी देवापुढे साखर ठेवली आणि पोटभर जेवले. मुलगी गेल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं.

नर्स काय म्हणाली होती, ते मला हवं होतं. म्हणून मी बोलणारं अ‍ॅप घेतलं. त्याने 'नाही' हा शब्द म्हणून दाखवला, "न्येत." तोच शब्द होता तो. परक्या बोलण्यातही आपण आपला शब्द शोधतो, आणि तो सापडला की पुढचं ऐकत नाही.

आज तिच्या शिक्षणाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरला. बँकेतल्या साहेबांनी कागदावर शिक्का मारला.

"पूर्ण फिटलं, बाई," ते म्हणाले. "आता सगळं नीट."