इब्रीतल्या खालाचा अर्ज

आधी एक दुरुस्ती. व्हिएन्नाच्या सहलीवरच्या लेखात तिथल्या शंभर वर्षांपूर्वीच्या एका राजकारणी बाईला मी ‘अशिक्षित’ म्हटलं होतं. ते चूक आहे. ती तीन वर्षं शाळेत गेली, कारखान्यात राबता राबता वाचत राहिली, कामगार बायकांच्या वर्तमानपत्राची संपादक झाली आणि पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाच्या संसदेत बसली. शब्द बदलला आहे. पण तेवढ्यानं भागेना, कारण इथे ओमानमध्येच, इब्रीत, माझ्या खालाला, म्हणजे मावशीला, तो लेख वाचून दाखवला गेला होता.

म्हणून शुक्रवारी सकाळी सहाला मस्कत सोडलं. टायरची हवा दोनदा तपासली. रुसैल मागे पडलं की रस्ता मोकळा. निझ्वा, बहला, इब्री, एकूण तीन तास. निझ्वाच्या अलीकडे गाडीत बसूनच करक, म्हणजे कडक दुधाचा चहा आणि पराठा मिळतो, पाचशे बैशात, म्हणजे अर्ध्या रियालात पोट भरतं.

जुम्म्यामुळे बाजार बंद होता. खाला दुकानामागच्या खोलीत अबाया शिवत होती. याच मेजावर, काळ्या कापडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांवर, शिंप्याच्या खडूनं तिनं मला पहिली अक्षरं शिकवली. शाळा नंतर आली.

“आपा, तू तर मम्मीला फेलच केलंस!” तिची दहावीतली मुलगी सना म्हणाली. “मम्मी आमच्या स्कूलच्या पालक समितीला उभी राहणार होती. तुझा ब्लॉग ऐकला आणि खलास, फॉर्म ड्रॉवरमध्ये!”

खालानं मान वर केली नाही. “तीन वर्षं शिकलेली अशिक्षित, तर मी दोनच शिकले गो. समितीत बसून काय करू, सगळ्यांच्या बाह्या मोजू?”

मी माफी मागितली. मग त्या बाईची गोष्ट पहिल्यापासून, नीट सांगितली. मशीन थांबलं.

“लोक हसले नाहीत तिला?”

“हसले असतील. खरं सांगू? मला माहीत नाही.”

“बरं झालं, बनवून नाही सांगितलंस.” तिनं ड्रॉवर उघडला. अर्ज भरलेला होता, फक्त शिक्षणाचा रकाना कोरा. तिनं सावकाश लिहिलं: ‘दुसरी. पुढे घरी.’

“मम्मी, फॉर्म इंग्लिशमध्ये आहे!”

“मग वाचणाऱ्याला शिकू दे थोडं मराठी.”

निघताना डब्यात तांदळाची भाकरी आणि सुरमई देत ती म्हणाली, “अर्ज द्यायला शाळेच्या दारापर्यंत ये सोबत. आत मी बोलेन.”

मस्कतला परतून हे लिहितेय. व्हिएन्नात संसदेसमोर फोटो काढताना ऊर इतका भरून आला नव्हता. अर्ज द्यायचा शेवटचा दिवस जवळ आलाय आणि माझी रजा मंजूर झालीय. रविवार, १५ फेब्रुवारी (इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी, रविवारी शाळा भरते), सकाळी साडेसात: मी इब्रीतल्या त्या शाळेच्या दारात, खालाच्या शेजारी.