चौथ्या ग्लासाचे गुण

महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी आणि माझा मेहुणा अविनाश ताजी बियर बनवणाऱ्या एका ठिकाणी जातो. चार छोटे ग्लास येतात. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे आणि कागद हाताने झाकून लिहायचे, हा नियम त्याचाच. गव्हाच्या बियरला पिकलेल्या केळ्याचा वास असतो, हेही मला त्यानेच दाखवलं. "दाजी, आधी नाक, मग तोंड," असं तो दटावायचा.

काल ग्लास नाकाशी नेला की त्याची नजर हळूच माझ्या कागदाकडे वळत होती. तीन ग्लासांचे आमचे आकडे तंतोतंत जुळले. इतक्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं.

नजर कमी झालेला माणूस चाचपडतो, घरच्यांना कळतं. वास येईनासा झालेला माणूस मात्र जेवताना "छान झालंय" म्हणत राहतो, आणि अविनाशच्या घरी तर तो एकटाच असतो.

चौथी बियर बिघडलेली होती. ओल्या फडक्यासारखा कुबट वास हातभरावरूनही येत होता. मी आकडा कधी खोटा लिहीत नाही. काल हात जरा बाजूला घेतला आणि नऊ लिहिले.

त्याने ग्लास बराच वेळ हुंगला. मग म्हणाला, "फक्कड. माझे नऊ."

मी विचारलं, "निघताना गॅस बंद केलास ना?"

"ताईसारखं काय विचारता, दाजी? चालू राहिला असता तर वास नसता का आला?" असं म्हणून तो हसला, आणि मग माझ्याकडे बघेना.